चौघांसाठी तीन पायऱ्या

आमच्या शाळेचे कवायतीचे मास्तर, खापरे, एका उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक दोनशे पानी वही आणि एक नवा शब्द घेऊन आले. शब्द होता ‘टीम परस्यूट’. वहीत त्यांनी त्याचं मराठी करून ठेवलं होतं, ‘सांघिक पाठलाग’, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. पांढुर्ण्यात तोवर सायकलवरून दूध जायचं, संत्र्यांच्या पाट्या जायच्या, बायकोशी भांडलेले नवरे स्टेशनावर चहा प्यायला जायचे. पण सायकलवरून कोणी कोणाचा पाठलाग केल्याचं ऐकिवात नव्हतं. मास्तरांनी शाळेच्या मागच्या लिंबाखाली आम्हां चौघांना बसवलं आणि वही उघडली.

“मास्तर, याच्यात कोन कोनाच्या मांगं लागते?” भास्करने विचारलं.

“दोन टीम असतात. मैदानाच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या बरोबर समोर. शिटी वाजली का दोघी संगंच सुटतात. हे त्यांच्या मागे, ते यांच्या मागे.”

“मंग पुढं कोन हाय?”

मास्तरांनी वहीचं एक पान उलटलं, मग परत उलटलं. “पुढे कोणी नाही,” ते म्हणाले.

पुढे सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यावर ही व्यवस्था मला फार ओळखीची वाटू लागली. पण त्या दिवशी आम्ही खो खो हसलो आणि मास्तर रागावले.

चौघांत भास्कर तिगावचा. घरचा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी. पायांच्या पोटऱ्या अशा, की आमच्या आईने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाणी देण्याऐवजी सरळ ताटच वाढलं. शंकर आणि गुड्डू हे बाजारातले, दोघांच्याही घरी दुकानं, दोघांनाही दुकानात बसायचा कंटाळा. खेळाबद्दलची त्यांची तळमळ एवढ्यावरच उभी होती. चौथा मी. माझी तळमळ याहूनही हलकी होती. संध्याकाळी घरी असलो की वडील वाचायला बसवत, म्हणून मी मैदानावर जात होतो.

वडील शाळेत मराठी शिकवत. त्यांना सत्कार, उद्घाटन, हार, शाल या गोष्टींची अंगावर पित्त उठावं तशी ॲलर्जी होती. आमंत्रण आलं की पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ते धोब्याच्या कपड्यांची यादी करीत. घरात बोलणं थोडं आणि पुस्तकं फार. मोसमात गल्लीच्या टोकाला संत्र्यांच्या पेट्या ठोकायचं काम चाले, तो ठकठक आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरात भरून राही, आणि वडील त्याच लयीत वह्या तपासत. आईचा मुक्काम चुलीपाशी. खापरे मास्तरांनी आम्हांला तिखट बंद करायला सांगितलं, तेव्हा तिने विळीवरची मिरची तशीच हातात धरून विचारलं, “मास्तरले घरी कोन रांधून घालते?” मास्तर एकटे राहत. “मंग बरोबर हाय,” ती म्हणाली आणि गोळाभातावर नेहमीपेक्षा पळीभर जास्त तेल ओतलं. भास्कर आठवड्यातून तीनदा तरी आमच्याकडे जेवे. कढीचा वाडगा दोन्ही हातांनी धरून प्यायचा आणि मग माझ्या वडिलांना फार अदबीने शब्दांचे अर्थ विचारायचा. एकदा त्याने विचारलं, “गुर्जी, ‘उत्तेजनार्थ’ म्हंजे काय?” वडील म्हणाले, “ज्याला काही द्यायचं नसतं त्याला जे देतात, ते.”

सरावाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मूर्खपणा नीट दिसायचा नाही. आधी सायकलवाल्याकडून मागच्या चाकाचं फ्रीव्हील वेल्ड करून घेतलं. आता चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवायचा म्हटला तर सायकलच माणसाला उचलून टाकी. ब्रेक काढून टाकले. चार किलोमीटरची शर्यत, म्हणजे आमच्या मैदानाला दहा फेऱ्या. चौघांनी एकामागे एक, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जेमतेम वीतभर अंतरावर ठेवून पळवायचं. पहिला असतो तो वारा फोडतो. त्याच्या मागच्यांना वारा लागतच नाही म्हटलं तरी चालेल. दमछाक सगळी पुढच्याची. म्हणून पुढचा एखादी फेरी ओढतो, वळणावर वर चढतो, खालून बाकीचे तिघं निघून जातात, आणि तो उतरून शेवटच्याच्या चाकामागे येऊन लागतो. मग दुसरा ओढतो. वळणावर चढ असावा लागतो, तो आम्ही मुरूम आणि काळी माती टाकून केला होता. पहिल्या पावसात तो वाहून गेला, पुन्हा केला.

आणि शेवटची गोष्ट, वहीत लाल शाईने लिहिलेली: घड्याळ थांबतं ते तिसऱ्या माणसाचं पुढचं चाक रेघेवर आल्यावर. पहिल्याच्या नाही. पहिला कितीही आधी पोचला तरी त्याला काही किंमत नाही. आणि चौथा पोचला नाही तरी चालतं.

“मंग चौथा कायले घेता?” गुड्डूने विचारलं.

“संपवायला,” मास्तर म्हणाले. “जो सगळ्यांत तगडा तो लांब लांब ओढतो. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत स्वतःला पुरा जाळून टाकतो. मग बाजूला होतो. त्याच्या जोरावर तिघं पोचतात.”

आम्ही तिघांनी भास्करकडे पाहिलं. तो पायातला काटा काढत होता. “चालते,” तो म्हणाला.

आता नातवाच्या फोनवर मी या शर्यती पाहतो. लाकडी पट्ट्यांचा गुळगुळीत रस्ता, भिंतीसारखी उभी वळणं, थेंबाच्या आकाराची शिरस्त्राणं, चाकांत आऱ्यांऐवजी नुसत्या चकत्या. चौघं एका दोरीत ओवल्यासारखे जातात. सहाव्या-सातव्या मिनिटाला नव्हे, आता चौथ्याच मिनिटाला सगळं संपतं. आणि एक जण वर चढून निवांत मागे राहतो, तेव्हा समालोचन करणारा म्हणतो, यानं आपलं काम केलं. हे वाक्य मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा ऐकतो. नातवाला वाटतं, आजोबांना कमी ऐकू येतं.

भास्करला या शर्यतीतून एक गोष्ट हवी होती. खेळाडूंसाठी राखलेल्या नोकरीच्या काही जागा निघाल्या होत्या. अर्जाला विभागीय स्पर्धेत प्रथम आल्याचं प्रमाणपत्र जोडायचं होतं, आणि मुदत स्पर्धेनंतर आठ दिवसांनी संपत होती. त्याच्या बापाने सांगितलं होतं, एवढं एक करून पाह्य, नाही तं बगीच्यात ये. हे त्याने पोरांपैकी मला एकट्याला सांगितलं होतं, तिगावच्या रस्त्यावर, दोघं सायकली हातात धरून चालत असताना. “पद्या, मले झाडं आवडत नाही असं नाही बे,” तो म्हणाला होता. “पन त्या झाडाईले मी एकटाच दिसून राहिलो.”

विभागीय स्पर्धा सौंसरला भरली. सौंसरच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब हे कापसाचे व्यापारी. आयुष्यात त्यांनी धावताना कोणाला पाहिलं असेल तर तो देणेकरी. परंतु अध्यक्ष होण्यासाठी लागते ती शरीरयष्टी आणि तो आवाज त्यांच्याकडे होता. खापरे मास्तर तयारी बघायला चार दिवस आधी गेले आणि तिथे पहिला घोळ कळला. दोन टीम समोरासमोरच्या बाजूंनी सुटणार, हे भाऊसाहेबांना मंजूर नव्हतं. मंडप एकीकडे. झेंडी ते दाखवणार. मग दुसऱ्या बाजूच्या टीमला झेंडी कोण दाखवणार?

“दोघींले इथूनच सोडा,” ते म्हणाले. “मंडपासमोरून. पब्लिकले दिसलं पाह्यजे.”

“मग पाठलाग कसा होईल, भाऊसाहेब?”

“अहो मास्तर, धंद्यात पन आम्ही एका जागेवरूनच सुटतो. ज्याच्यात दम हाय तो पुढं जाते.”

तोड अशी निघाली की दुसऱ्या बाजूला दुसरा मंडप घालायचा आणि तिथे उपाध्यक्षांनी झेंडी दाखवायची. त्यावर उपाध्यक्षांनी विचारलं की तिकडे हार मिळेल का. हार कबूल झाला, पण मंडप चार हात लहान करायचा असं ठरलं, गालिचाऐवजी सतरंजी, आणि गादीच्या खुर्च्या बंद. दोन दिवस या वाटाघाटीत गेले. वळणांवर चढ टाकायला माणसं मिळाली नाहीत. सगळी दुसऱ्या मंडपाला लागली होती. शेवटी आम्ही पांढुर्ण्याची पोरं आदल्या दिवशी बसच्या टपावर सायकली टाकून गेलो आणि फावडी मारून सौंसरचं मैदान तयार केलं. सौंसरच्या टीमने पाणी आणून दिलं, एवढं कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली. सकाळी आठची शर्यत साडेअकराला सुरू झाली, ऊन डोक्यावर आलं तेव्हा. भाषणांत सायकलीला गरिबांचं वाहन, पर्यावरणाचा मित्र आणि राष्ट्राचं चाक म्हटलं गेलं. बोलणारे सगळे जीपने आले होते. मग भाऊसाहेबांनी आपली झेंडी वर धरली, पलीकडे उपाध्यक्षांनी आपली धरली, आणि कोणाची आधी पडते हे पाहत दोघंही तसेच उभे राहिले. खापरे मास्तरांनी कंटाळून शिटी फुंकली आणि आम्ही सुटलो. त्या दोन्ही झेंड्या कधी पडल्या, मला ठाऊक नाही.

पहिली फेरी भास्करने ओढली. त्याच्या चाकामागे शंकर, मग गुड्डू, मग मी. साखळीची घरघर, मातीचा आवाज आणि पुढच्याचा श्वास, एवढंच जग उरतं. समोरचं चाक सोडून दुसरीकडे पाहिलं की संपलं. शंकरने अर्धी ओढली, गुड्डूने अर्धी, मी तर त्याहून कमी. आणि दर वेळी भास्कर पुढे आला की दीड-दीड फेरी ओढायचा. सौंसरची टीम समोरच्या बाजूला होती, दिसत नव्हती, फक्त त्यांच्या नावाचा गलबला तिकडून ऐकू यायचा. त्यांचं पुढचं पोरगं भाऊसाहेबांचा पुतण्या. मोठ्या मंडपासमोर आलं की ते वळणावर वर चढायचं विसरून जाई, कारण तिथे काका होते. त्यामुळे ते दमत होतं आणि बाकीचे त्याच्यामागे अडकून होते. हे मला नंतर कळलं.

आठव्या फेरीत भास्कर पुढे आला आणि त्याने अख्खी फेरी ओढली. वळणावर मला त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. नववी निम्मी ओढली. मग तो वर चढला, आमच्याकडे न बघता हाताने ‘जा’ केलं, आणि आम्ही तिघं खालून निघून गेलो. तो परत मागे आला नाही. सायकल मातीच्या चढावर आडवी पाडून तो गुडघ्यांवर बसून ओकत होता. भोंग्यावर कोणी तरी म्हणत होतं, “पांढुर्ण्याचा एक खेळाडू थकून बाहेर झालेला आहे. हारजीत होतच राहते. त्याच्यासाठी पन एक टाळी!” टाळ्या पडल्या. माझं पुढचं चाक रेघेवरून गेलं तेव्हा मास्तरांनी घड्याळ दाबलं. आम्ही जिंकलो होतो, चांगले जिंकलो होतो.

मंडपासमोर सुताराने विजयाचा चौथरा केला होता. ताजा रंग होता, हात लावला की चिकटे. मधे उंच पायरी एक, तिच्या दोन्ही बाजूंना दोन आणि तीन. मंडळाच्या बाबूने कागद उचलला आणि पुकारलं: प्रथम क्रमांक, शंकर. द्वितीय, गुड्डू. तृतीय, पद्माकर. म्हणजे मी. खापरे मास्तर धावतच मंडपात शिरले.

“अहो, ही एक टीम आहे! चौघांची मिळून प्रथम!”

“तुम्हीच तं लिहून देलं ना मास्तर,” बाबू म्हणाला, “का तिसऱ्याचा टाइम धरा. म्हंजे तीन नंबर काढायचे. पायऱ्या तीन, मेडल तीन, प्रमाणपत्रं तीन छापली. फारमात चौथ्याले जागाच नाही.”

“भास्करशिवाय हे तिघं पोचलेच नसते.”

आता भाऊसाहेबांनी मान वळवली. “मास्तर, तुमचा तो पोरगा रेस सोडून बाहेर बसला होता. साऱ्या गावानं पाह्यलं.”

“सोडली नाही त्याने. त्याचं काम पुरं केलं.”

“काम पुरं करून लोक ओकत असतात का? आन त्याचं काम पुरं झालं होतं, तं हे तिघं तिकडं काय करून राहिले होते? कामचोर होते का?”

मंडप हसला. मंडपाचं कामच ते. त्या हशावर भाऊसाहेब खूश झाले आणि उदार झाले. सौंसरच्या टीमने, हरली तरी, शेवटपर्यंत एकमेकांची साथ सोडली नाही, चौघं बरोबर पोचले, म्हणून त्या चौघांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्रं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केली. फक्त कोऱ्या नमुन्यावर हाताने नावं लिहायची होती. बाबूने लिहिली. म्हणजे हिशेब असा झाला की हरणाऱ्यांची चार आणि जिंकणाऱ्यांची तीन. कोऱ्या नमुन्यांना त्या दिवशी तोटा नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

मास्तर मंडपातून उतरले, आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “चढू नका. चौघं चढतील तर चढा.” शंकरने न ऐकल्यासारखं केलं. तो एकवर चढला. गुड्डू दोनवर. भास्कर तोंड धुऊन आला होता, केस ओले, आणि गर्दीच्या पुढे उभा राहून माझ्याकडे पाहत होता. त्याला प्रमाणपत्र का हवं आहे, हे त्या मैदानावर मास्तर आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मी चढलो नसतो, तर काही तरी अडलं असतं. तीनची पायरी मोकळी राहिली असती, लोकांनी विचारलं असतं, बाबूला उत्तर द्यावं लागलं असतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. सतरा वर्षांचा होतो, बिनडोक नव्हतो.

“ओ तीन नंबर, लवकर चढा ना,” फोटोवाला म्हणाला. “एकच फोटो राहिला रिळात.”

मी चढलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा हुकूम मला एका अनोळखी फोटोवाल्याने दिला आणि मी तो पाळला. फोटो नंतर मंडळाच्या कचेरीत बरीच वर्षं लागलेला होता असं ऐकतो. त्यात भाऊसाहेब आहेत, उपाध्यक्षांचा कोपर आहे, आणि त्यांच्या मागे तीन पोरं.

घरी आलो. वडील बाजेवर वाचत होते. त्यांनी प्रमाणपत्र चष्म्याजवळ धरलं, वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“टीम जिंकली ना?”

“हो.”

“आणि तू तिसरा. मग तुम्हांला हरवलं कोणी?”

मी चपला काढायला वाकलो.

“भास्कर कितवा?”

“तो बाहेर झाला,” मी म्हणालो.

भोंग्यावरचाच शब्द होता. तोंडातून निघाल्यावर मला तो ओळखू आला. वडिलांनाही आला असावा, कारण त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि पुस्तक उघडलं. त्या वाचनात त्यांचं पान बराच वेळ उलटलं नाही. आईने विचारलं, “भास्कर नाही आला जेवायले?”

खापरे मास्तरांनी त्या आठ दिवसांत सौंसरला तीन खेपा मारल्या. पहिल्या खेपेला बाबू लग्नाला गेला होता. दुसऱ्या खेपेला शिक्का भाऊसाहेबांच्या कपाटात होता आणि भाऊसाहेब छिंदवाड्याला. तिसऱ्या खेपेला एक प्रमाणपत्र मिळालं, त्यावर लिहिलं होतं, ‘स्पर्धेत भाग घेतला’. त्याला मास्तरांनी स्वतःच्या हाताने दोन पानी खुलासा जोडला. वारा, वळण, तिसऱ्याचं चाक, सगळं वहीतून उतरवून. अर्ज परत आला. वर तांबड्या पेन्सिलीने एवढंच होतं: प्रथम क्रमांकाचा दाखला जोडावा. भास्कर बगीच्यात गेला. माझ्या तृतीय क्रमांकाला पुढे नागपूरच्या कॉलेजात खेळाचे गुण मिळाले, आणि कॉलेजमुळे नोकरी मिळाली. ते गुण मला नकोत असं मी कुठल्याही अर्जावर लिहिलं नाही. भाऊसाहेबांना मी आयुष्यभर हसत आलो आहे, आणि त्यांनीच सही केलेला कागद प्रत्येक वेळी जपून फायलीत लावत आलो आहे. त्यामुळे या प्रकरणात ज्यांची थट्टा केली आहे, त्यांत एकाची भर घालायला वाचकांनी विसरू नये.

गेल्या हिवाळ्यात तिगावला गेलो होतो. भास्करचा मुलगा आता बगीचा पाहतो. भास्करचे गुडघे गेले आहेत, तो खाटेवर बसून संत्री निवडतो, बारीक आणि मोठी वेगळी. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग इतक्या वर्षांत कधी नव्हे ते मी विचारलं.

“भास्कर, मी त्या दिवशी चढलोच नसतो तर?”

“कुठं?”

“तीनवर. सौंसरला.”

त्याने हातातलं संत्रं फिरवून पाहिलं, देठाजवळ डाग होता, ते बाजूला टाकलं.

“तं काय. पायरी रिकामी पाहून भाऊसाहेब सोताच चढला असता, आन फोटो काढून घेतला असता.”

मी मोठ्याने हसलो. हसता हसता त्याच्याकडे पाहिलं, तर तो हसत नव्हता. पुढचं संत्रं उचलून म्हणाला, “पन तू चढायले नव्हतं पाह्यजे, पद्या.”